जळण कशाचे आणि कष्ट कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी बाहेरगावच्या कोणी शिकलेल्या बाई आपल्यापुढे बोलतात. यंदा कार्यकारिणीने ते काम माझ्यावर सोपविले. मी सातवी पास झालेली, संसार आणि गोठा यांत दिवस जाणारी बाई. सभेत उभे राहण्याची मला सवय नाही. पण विषय माझ्या गोठ्यातला आणि चुलीपुढचा निघाला म्हणून मी नाही म्हटले नाही. मी जे आकडे सांगेन त्यांतले काही माझ्या मुलीने मला वाचून दाखविलेले आहेत आणि काही मी स्वतः घमेल्याने मोजलेले आहेत.

आपणां सर्वांना ठाऊक आहे की गावच्या दूध संस्थेने गोबरगॅसची योजना आणली आहे. पंचवीस घरांचे अर्ज आपल्या मंडळामार्फत भरावयाचे आहेत. गेल्या बैठकीत कोणी म्हणाले, फुकटचा गॅस आहे, डोळे झाकून सह्या करा. कोणी म्हणाले, सिलिंडर दारात येतो तो बरा, या वयात शेणात हात कोण घालणार? दोघींचेही मी ऐकून घेतले. आमच्या घरी २०११ सालापासून गोबरगॅस आहे, तेव्हा मला दोघींनाही काही सांगावयाचे आहे.

आधी सिलिंडरचे बोलू. पेट्रोल, डिझेल, सिलिंडरमधला गॅस हे सारे जमिनीच्या पोटातून येते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव आणि वनस्पती गाडल्या गेल्या, त्यांचे हे झाले. पुन्हा तसे व्हावयाचे तर तितकीच वर्षे लागणार. शिवाय ते आपल्या देशात फार थोडे निघते. जे खनिज तेल आपण वापरतो त्यातले शंभरातले ऐंशीहून अधिक परदेशातून येते आणि सिलिंडरचा गॅसही निम्म्याहून जास्त बाहेरचाच. म्हणून आखातात कोठे भांडण पेटले की आपल्या गल्लीत भाव वाढतो. आपण त्या भांडणात नसतो, पण पैसे आपल्या डब्यातले जातात. आणि हे जमिनीखालचे जाळल्याने हवा तापते, पावसाचे दिवस मागेपुढे होतात, हे तर आता पेरणी करणाऱ्या प्रत्येकाला कळले आहे.

यावर उपाय म्हणून जैवइंधन हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत येतो. म्हणजे झाडपाला, पीक, शेण, खरकटे यांपासून मिळणारे जळण. शब्द नवा आहे. वस्तू नवी नाही. आपल्या आज्या, सासवा जन्मभर जैवइंधनावरच स्वयंपाक करीत आल्या. शेणी, तुरकाट्या, उसाचे पाचट, बाभळीचे सरपण हे दुसरे काय होते? तेव्हा नुसत्या नावाने एखादी गोष्ट चांगली ठरत नाही. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चाळीस वर्षे फुंकणी घेऊन चुलीपुढे बसल्या. पाचट भरकन पेटते आणि भरकन विझते, त्यामुळे भाकरी थापायची, पाचट सारायचे आणि फुंकायचे, तिन्ही एकदम. पुढे त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी विचारले, विडी ओढता का? त्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मग ही चूलच तुमची विडी. आमच्या घरी गोबरगॅस आला तो या कारणाने. पैसे वाचतात की नाही हा हिशेब आम्ही नंतर केला.

आता तो चालतो कसा ते थोडक्यात सांगते. आंबोळीचे पीठ रात्री झाकून ठेवले की सकाळी फुगते, वर बुडबुडे येतात. ते काम डोळ्यांना न दिसणारे जंतू करतात. शेणातही असे जंतू असतात. शेण आणि पाणी समभाग कालवून हवाबंद टाकीत सोडले की ते जंतू शेण खातात आणि मिथेन नावाचा जळणारा वायू सोडतात. गोबरगॅसमध्ये साधारण शंभराला पंचावन्न ते साठ भाग मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. ज्योत निळी पेटते, भांडे काळे होत नाही. थंडीत पीठ जसे फुगत नाही तसे पौष-माघात गॅसही कमी पडतो. आणि गोठा फिनेलने किंवा साबणाने धुतला तर ते पाणी टाकीत जाता कामा नये, जंतू मरतात. ही गोष्ट संयंत्र बांधणारे गवंडी सांगत नाहीत म्हणून मी सांगते.

हे काही परदेशातून परवा आलेले शास्त्र नव्हे. मुंबईस माटुंग्याला कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून त्यावर दिवे लावले होते. १९६० नंतरच्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसची संयंत्रे गावोगाव नेली. आपल्या कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईच्या कामाबरोबर याही कामाचा ध्यास घेतला होता. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेले डॉ. मापुसकर १९५९ साली देहूच्या सरकारी दवाखान्यात आले. तुकोबांच्या त्या गावात त्यांनी घरोघर संडास करविले आणि संडासाला जोडून गॅसची संयंत्रे बांधली. त्यांच्या निधनानंतर २०१७ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. आमच्याकडेही संडास जोडावयाचा विचार होता, परंतु आत्याबाई म्हणाल्या, त्या जाळावर मी देवाचा नैवेद्य शिजविणार नाही. गॅसला तसा काही विटाळ नसतो, पण आत्याबाईंपुढे कोण बोलणार? आमचे संयंत्र नुसत्या शेणाचे आहे.

आता हिशेबाकडे येते, कारण अर्जावर सही करावयाची तर तो पाहिजेच. आमचे संयंत्र दोन घनमीटरचे. त्याला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते. आमच्या तीन म्हशी आणि एक गाय आहे, त्यांचे तेवढे निघते. दोन घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरच्या गॅसच्या भाषेत सुमारे नऊशे ग्रॅम. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे संयंत्र पुरते चालले तर सोळा दिवसांत एका सिलिंडरचे काम होते. आम्ही पूर्वी महिन्याला एक सिलिंडर घेत होतो. आता वर्षाला दोन-तीन पुरतात, ते थंडीसाठी आणि सणावाराला पाहुणे येतात तेव्हासाठी.

येथवर ऐकून सगळ्यांना बरे वाटले असेल. पण त्या पन्नास किलोंचे पुढे काय होते? शेण काही आपल्या पायांनी टाकीत जात नाही. चार घमेली शेण उचलायची, तेवढ्याच घागरी पाणी ओतायचे, कालवायचे, त्यातल्या वैरणीच्या काड्या आणि खडे वेचून काढायचे, मग बूच काढून आत सोडायचे. रोज. पाऊस असो, ताप असो, घरात लग्न असो. मी एकदा पाटीवर गुणाकार केला. पन्नास गुणिले तीनशे पासष्ट म्हणजे वर्षाला अठरा टनांवर शेण, आणि तितकेच पाणी. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावणार नाही इतके ओझे बाईच्या दोन हातांखालून जाते, आणि कागदावर त्याला फुकटचा गॅस म्हणतात!

सरपण आणण्याचे, शेणी थापण्याचे आणि भांडी घासण्याचे कष्ट वाचले, हेही मी त्याच पाटीवर मांडले. ते खरोखर वाचले. सकाळी चहाला काडी ओढली की जाळ तयार. धूर नाही, आत्याबाई आता स्वयंपाकघरात येऊन बसू शकतात. पण एका कामातून सुटलेली बाई दुसऱ्या कामाला जुंपली गेली तर त्याला मी नफा म्हणणार नाही. माझी मुलगी कोल्हापूरला कॉलेजात शिकते. तिने मला स्पष्ट सांगितले, आई, मी सासरी जाऊन शेण कालवणार नाही. मला आधी राग आला. मग वाटले, बरोबर बोलली. माझ्या मुलाला मी असे का म्हणू दिले नाही, कारण त्याला कधी कोणी कालवायलाच सांगितले नव्हते.

म्हणून आमच्या घरी दोन गोष्टी केल्या. गोठ्याची फरशी उताराची करून घेतली, म्हणजे मूत्र आणि धुवण आपोआप कालवण्याच्या हौदात येते आणि पाणी कमी ओतावे लागते. हौदावर लोखंडी फिरकी बसविली, हाताने फिरविली की शेण कालवले जाते. या दोन कामांचा खर्च योजनेच्या कागदात धरलेला नसतो, तो मागून घ्यावा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एक दिवसाआड हे काम धाकट्या मुलाचे. त्याने सुरुवातीला नाक मुरडले. आता तोच मला सांगतो, आज शेण घट्ट झाले आहे, पाणी घाल.

गॅस निघाल्यावर बाहेर जी राब येते तिला आम्ही स्लरी म्हणतो. शेणी करून शेण जाळले तर खत गेले, राख उरली. येथे जाळही मिळतो आणि खतही उरते. त्याला वास नाही, माश्या बसत नाहीत. मी ती वाळवून गाजरगवत, पालापाचोळा घालून खड्ड्यात कुजविते आणि परसातल्या वांगी-मिरचीला देते. उरलेले खत गेली काही वर्षे विकते. पहिल्या वर्षी खताचे पैसे घरच्यांच्या खिशात गेले. दुसऱ्या वर्षापासून ते माझ्या बचत गटाच्या पासबुकात जातात. कसे ते विचारू नका, चार दिवस घरात बोलणे बंद होते.

आता काहीजणी विचारतील, जैवइंधन म्हणजे फक्त शेणच का? उसापासून पेट्रोल होते असे आम्ही ऐकतो. होय, आणि आपला तालुका उसाचा असल्याने त्याबद्दलही बोलले पाहिजे. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जी काळी चिकट मळी उरते ती आंबवून, उकळून तिचा अर्क काढतात. त्याला इथेनॉल म्हणतात. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. आपल्या देशात २००३ साली शंभरात पाच भाग मिसळण्यास सुरुवात झाली आणि २०२५ साली हे प्रमाण वीसपर्यंत गेले. म्हणजे आमच्या ह्यांच्या मोटारसायकलीच्या पाच लिटरमधले एक लिटर कोठल्या तरी शेतातून आलेले असते. इथेनॉलची आच पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते, म्हणून गाडी थोडी कमी पळते, ही ह्यांची तक्रार खोटी नाही. पण परदेशी जाणारा पैसा कारखान्यात येतो, कारखान्यातून उसाच्या बिलात येतो, हेही खोटे नाही.

येथे मात्र एक बारकी गोष्ट आहे, आणि ती बायकांना लवकर कळेल असे मला वाटते. एक टन उसाची साखर काढून घेतल्यावर उरलेल्या शेवटच्या मळीतून साधारण दहा लिटर इथेनॉल निघते. साखर न करता त्याच टनाचा सगळा रस आंबविला तर सत्तरच्या आसपास लिटर निघते. पहिल्या रीतीत आपण उष्ट्याचे इंधन केले. दुसऱ्या रीतीत ताटातले वाढलेले उचलून इंधन केले. दोन्हींना सरकारी कागदात एकच नाव आहे.

२०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा हे लख्ख दिसले. त्या डिसेंबरात केंद्र सरकारने कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका म्हणून कळविले, पुढे काही दिवसांनी मर्यादा घालून थोडी मोकळीक दिली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामासाठी ती बंदी उठविली. साखर महाग होऊ नये म्हणून गाडीचे इंधन आवरावे लागले. रसाची ओढ कमी झाली तशी मक्यावर आली. मक्याच्या एका टनापासून पावणेचारशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघते. परंतु मका कोंबड्यांचेही खाद्य. जो आपला देश मका बाहेर विकत असे त्याला २०२४ साली बाहेरून मका आणावा लागला. आपल्यातल्या ज्या बायका कोंबड्या पाळतात त्यांना खाद्याच्या पोत्याचा भाव का चढला ते आता समजेल.

आणि पाणी? ऊस किती पितो ते मी सांगावयास नको. आमच्या विहिरीचे पाणी पूर्वी वैशाखापर्यंत पुरे, हल्ली होळीलाच तळ दिसतो. घरच्यांनी गेल्या वर्षी अर्धा एकर ऊस वाढवावयाचा बेत केला, इथेनॉलला मागणी आहे म्हणून. मी म्हटले, मोटारसायकलीला पाजा, पण म्हशींना आणि माणसांना कोठून पाजणार ते आधी सांगा. बेत अजून लोंबकळत आहे. मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून डिझेल काढण्याचीही एक लाट मध्ये आली होती. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने त्याची मोठी योजना सुचविली. कल्पना तेलाची म्हणून खोटी नव्हती. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. पण पडीक जमिनीत, पाण्यावाचून, बियांचे पीक हवे तसे आलेच नाही. पाणी आणि खत दिले तर बी येते, पण मग तेथे शेंगाच का लावू नयेत? बहुतेक ठिकाणी तो प्रयत्न गुंडाळला गेला.

त्यापेक्षा तळून काळे झालेले तेल घेऊन त्याचे डिझेल करणे मला शहाणपणाचे वाटते. २०१८ सालापासून अन्नसुरक्षेचे सरकारी खाते हॉटेलांचे असे तेल गोळा करविते. आपण दिवाळीत तेच तेल पुन्हा पुन्हा कढईत ओततो, तेवढे बंद करावे. आणि ज्यांच्याकडे गुरे नाहीत त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र काढले. ते काम डॉ. आनंद कर्वे यांचे, म्हणजे महर्षी कर्वे यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. त्याला २००६ साली लंडनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे की पिठूळ आणि गोड पदार्थांत जंतूंना भरपूर खाद्य असते. शेण हे गुरांनी आधीच पचविलेले, म्हणून ते ढीगभर लागते. खरकटे दोन-चार किलोही काम देते. आपल्या मंडळाच्या बालवाडीत रोज भाताचे, कण्यांचे किती उष्टे पडते ते आपण मोजून पाहावे असे मी कार्यवाहताईंना आजच सुचविते.

आता अर्जांचे. ज्यांच्या दावणीला चार जनावरे आहेत त्यांनी दोन घनमीटरचा भरावा. दोन-तीन असतील तर एक घनमीटरचाच भरावा, रोजचे पंचवीस किलो शेण त्याला पुरते. अनुदान जास्त म्हणून मोठे संयंत्र घेऊ नये. अर्धपोटी टाकी गॅस देत नाही. शेजारच्या वाडीत तीन संयंत्रे अशीच पडून आहेत, एकात तर लाकडे रचली आहेत. म्हैस विकली आणि टाकी राहिली. ज्यांच्याकडे एकच जनावर आहे त्यांनी एकट्याने भरू नये, भिंतीला भिंत असलेल्या दोन घरांनी मिळून विचार करावा. उन्हाळ्यात ज्यांना टँकरचे पाणी लागते त्यांनी आधी पाण्याचे पाहावे. टाकी साफ करावयाची वेळ आली तर कोणीही आत उतरू नये, पोरासोरांना तर मुळीच उतरवू नये; आतल्या वायूने माणसे दगावली आहेत. संस्थेच्या माणसाला बोलवावे.

माझी एक सूचना आहे, ती बैठकीने मान्य करावी किंवा नाकारावी. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपण मंडळातर्फे दोन ओळी वाढवाव्यात. एक, शेण कोण कालवणार, त्या माणसाचे नाव आणि सही. दुसरी, स्लरीचे पैसे कोणाच्या नावावर जाणार. दूध संस्थेचे चिटणीस म्हणतील, याची काय गरज. गरज आहे की नाही ते बायकांनी ठरवावे.

अर्ज सोमवारपासून कार्यवाहताईंकडे मिळतील. कोणाला आमचे संयंत्र पाहावयाचे असेल तर सकाळी आठच्या आत यावे, त्यानंतर मी रानात असते. मुलाची पाळी असेल त्या दिवशी आलात तर तो कालवताना दिसेल.